डेर, डी, डास आणि तो, ती, ते

जर्मन शिकायला चांगली मराठी लागते, असं मी म्हटलं की समोरचा माणूस आधी हसतो. मग त्याच्या चेहऱ्यावर दिसतं, 'बाई निवृत्त मराठी शिक्षिका, सवयीने बोलत असणार!' पण मी हे विनोदाने म्हणत नाही, आणि मातृभाषेच्या अभिमानापोटी तर मुळीच नाही. लहान मुलांच्या शनिवार-रविवारच्या जर्मन वर्गात दर आठवड्याला जे दिसतं, त्यावरून म्हणते.

थोडी पार्श्वभूमी सांगते, म्हणजे नातेवाईक मंडळींना 'ही कुठून जर्मन शिकवायला लागली?' असा प्रश्न पडायला नको. पुण्याला जर्मनचं वेड जुनं आहे. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये नोकरी सांभाळून संध्याकाळी जर्मन शिकलेली माणसं इथे गल्लोगल्ली सापडतात. मी त्यांतलीच एक. दिवसा शाळेत मराठी आणि इतिहास शिकवायचा, संध्याकाळी वही घेऊन बाकावर बसायचं. पुढे माझ्या एका माजी विद्यार्थिनीने मुलांसाठी जर्मनचा वर्ग काढला आणि "बाई, तुम्ही या ना" म्हणून मला बोलावलं. आठ ते बारा वर्षांची पंधरा-सोळा मुलं, शनिवारी दोन तास, रविवारी दोन तास. मुलं मला 'आजी' म्हणतात. खाली आईवडील स्कूटरवर बसून मोबाइल बघत असतात. असे वर्ग आता कोथरूडपासून बाणेरपर्यंत सगळीकडे आहेत.

यातल्या बऱ्याच वर्गांत एक गंमत असते. मुलं बहुतेक मराठी घरातली, शिकवणाऱ्या ताईही मराठी, शिकायची भाषा जर्मन, आणि या दोघांच्या मध्ये उभी असते इंग्रजी! "चिल्ड्रन, जर्मन हॅज थ्री जेंडर्स." झालं. इथून गाडी अडखळायला लागते.

मुलांच्या जागी बसून बघा. इंग्रजीत 'द टेबल', 'द डोअर', 'द बुक'. सगळ्यांना एकच 'द', आणि निर्जीव वस्तूला 'इट'. त्या खिडकीतून जर्मनकडे पाहिलं की 'डेर, डी, डास' हे तीन-तीन प्रकार म्हणजे निव्वळ छळ वाटतो. एका मुलाने विचारलं, "पण टेबल मॅस्क्युलिन कसं काय? ते काय बॉय आहे का?" प्रश्न अगदी रास्त आहे, पण इंग्रजीत त्याला उत्तर नाही. मार्क ट्वेनने १८८० साली आपल्या प्रवासवर्णनाच्या शेवटी जर्मन भाषेची यथेच्छ टिंगल केली, त्यातला मोठा भाग या लिंगांवरचाच होता. तो बिचारा इंग्रजीतून आला होता. तुम्ही-आम्ही कशाला घाबरायचं?

मी त्या मुलाला विचारलं, "भात?"
"तो भात."
"पोळी?"
"ती पोळी."
"वरण?"
"ते वरण."
"भात काय मुलगा आहे का रे?"

सगळा वर्ग हसला. म्हणजे काय, की शब्दांची लिंगं ही कल्पना या मुलांच्या कानात दीड-दोन वर्षांची असल्यापासून मुरलेली आहे. कुणी शिकवली नाही, पाठ करून घेतली नाही. जर्मन माणूस जेवायला बसला की त्याच्या ताटाशेजारीही असाच संसार मांडलेला असतो. 'डेर ल्योफेल' म्हणजे तो चमचा, 'डी गाबेल' म्हणजे काटा, पण तो काटा त्यांच्याकडे 'ती', आणि 'डास मेसर' म्हणजे आपली सुरी, ती त्यांच्याकडे 'ते'. तिन्ही लिंगं एका टेबलावर! (आणि 'डास' म्हटल्यावर मुलं टाळी वाजवून डास मारतात, ते वेगळंच.)

आता कुणी म्हणेल, मराठीतली लिंगं आणि जर्मनमधली लिंगं जुळतात थोडीच? नाहीच जुळत. घर, पुस्तक, पाणी हे आपल्याकडे नपुंसकलिंगी आणि त्यांच्याकडेही. भिंत, शाळा, भाषा दोन्हीकडे स्त्रीलिंगी. पण झाड आपलं 'ते' आणि त्यांचं 'डेर', दार आणि फूल आपलं 'ते' आणि त्यांचं 'डी'. सूर्य आपल्याकडे पुरुष, त्यांच्याकडे 'डी झोने', बाईमाणूस! म्हणजे पाठांतर चुकत नाही. पण पाठांतर करणं वेगळं आणि पाठ करायचं ते मुळात असतं तरी का, हेच न कळणं वेगळं. पहिल्यात कष्ट आहेत, दुसऱ्यात भीती आहे. मराठीचा हात धरला की भीती जाते, कष्ट तेवढे उरतात.

मुलगी या शब्दाची गंमत तर सांगायलाच हवी. जर्मनमध्ये मुलगी म्हणजे 'डास मेड्शेन', नपुंसकलिंगी. कारण शेवटी 'शेन' लागून शब्द लहान, लाडिक झाला की तो नपुंसकलिंगी होतोच. इंग्रजीतून शिकणाऱ्या मुलींना याचा राग येतो. पण आपण 'पोरगं', 'लेकरू', 'पिल्लू', 'वासरू', 'कोकरू' म्हणतो, ती सगळी 'ते'च ना? लहान आणि लाडकं ते 'ते'. कोकणीत तर लहान मुलीला 'चेडूं' म्हणतात आणि तें चेडूंही नपुंसकलिंगीच. माझी भाची जर्मनीत असते. तिची सात वर्षांची लेक फोनवर मला "आजी, ते मुलगी माझी मैत्रीण आहे" असं सांगते. तिकडच्या शाळेतलं 'डास' तिने मराठीत आणलं आहे! तिला समजावताना मी उलटा रस्ता धरते, एवढंच.

दुसरं उदाहरण याहून महत्त्वाचं आहे. इंग्रजीत 'आय अ‍ॅम कोल्ड', 'आय अ‍ॅम बोअर्ड'. इंग्रजीतून विचार करणारं मूल शब्दाला शब्द लावून 'इश बिन काल्ट' म्हणतं. जर्मन माणूस दचकतो, कारण ते 'मी थंड स्वभावाचा आहे, मला मायाममता नाही' असं ऐकू येऊ शकतं. 'इश बिन लांगवाइलिश' म्हटलं तर आणखीच पंचाईत. त्याचा अर्थ 'मी कंटाळवाणा माणूस आहे' असा होतो! बरोबर जर्मन आहे 'मिअर इस्ट काल्ट' आणि 'मिअर इस्ट लांगवाइलिश'. 'मिअर' म्हणजे 'मला'. मला थंडी वाजते. मला कंटाळा आलाय. 'डास गेफेल्ट मिअर', म्हणजे ते मला आवडतं. थंडी, कंटाळा, आवड या गोष्टी मी करत नाही, त्या मला होतात, ही समज मराठीत आहे, जर्मनमध्ये आहे. इंग्रजीच्या 'आय'मध्ये मात्र ती मावत नाही. चतुर्थी विभक्ती म्हटलं की मुलं पळतील, पण "'मला' म्हणायचं असेल तिथे 'मिअर'" असं सांगितलं की नऊ वर्षांच्या मुलालाही पाच मिनिटांत कळतं. आणि 'वी गेट्स?' म्हणजे तर शब्दशः 'कसं चाललंय?'च!

वाक्याची घडणही बघा. 'मी जर्मन बोलू शकतो' यात 'बोलू' शेवटाकडे. 'इश कान डॉइच श्प्रेशन' यातलं 'श्प्रेशन', म्हणजे बोलणं, शेवटी. 'मी काल एक पुस्तक वाचलं' हे जर्मनमध्ये नेलं तर 'वाचलं' जिथे आहे तिथेच, शेवटी राहतं. 'कारण मी दमलोय' अशा जोडवाक्यात तर जर्मन क्रियापद आपल्यासारखं थेट टोकाला जाऊन बसतं. 'उद्या पुण्याला' जायचं हा क्रमही तोच. आधी वेळ, मग ठिकाण. इंग्रजीत तो उलटा. मुलं जर्मन वाक्य 'विचित्र' म्हणतात तेव्हा मी म्हणते, "तुझी आजी घरी असंच बोलते की!"

समासांची तर मजाच मजा. जर्मन शब्द लांबलचक म्हणून बदनाम आहेत. पण आपण शाळेत समास शिकलो, त्याचंच ते भावंड. 'क्रांकनहाउस' म्हणजे आजाऱ्यांचं घर, आपलं रुग्णालय. 'हांटशू' म्हणजे हाताचा बूट, आपण म्हणतो हातमोजा. त्यांनी बूट घेतला, आपण मोजा, इतकाच फरक. 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग. फ्र्योबेलने १८४० साली हे नाव ठेवलं, आणि आपली 'बालवाडी' काय वेगळी आहे? आणि समासाचं लिंग शेवटच्या शब्दावरून ठरतं. तो देव, ते घर, म्हणून ते देवघर. जर्मनमध्येही तोच नियम. हा नियम मराठीतून एका वाक्यात सांगून होतो. इंग्रजीतून सांगायला गेलं तर आधी लिंग म्हणजे काय इथपासून सुरुवात.

आदरार्थी बहुवचनही तसंच. 'डू' म्हणजे तू आणि 'झी' म्हणजे तुम्ही. इंग्रजीत दोन्हींना 'यू'. वर्गात एकदा ताई इंग्रजीतून 'फॉर्मल' आणि 'इन्फॉर्मल' असं बराच वेळ समजावत होत्या. मी मधेच विचारलं, "रिक्षावाल्या काकांना काय म्हणता? आणि शेजारच्या पिंट्याला?" संपला धडा. उलट आपल्याकडे आईला 'तू' आणि कित्येक घरांत बाबांना 'तुम्ही', तसं त्यांच्याकडे नाही, घरात सगळेच 'डू', हा फरकही मुलांनीच काढला. देवाला मात्र दोन्हीकडे 'तू'च.

आता आकड्यांकडे येते, कारण माझ्या जिवाला लागलेली गोष्ट तिथे आहे.

जर्मनमध्ये एकवीस म्हणजे 'आइन-उन्ट-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. पंचेचाळीस म्हणजे 'फ्युन्फ-उन्ट-फिअर्त्सिश', पाच आणि चाळीस. इंग्रजीतून येणारी मुलं इथे हटकून गोंधळतात, ४५ ऐकून ५४ लिहितात. आपलं एक-वीस, पंचे-चाळीस याच चालीचं आहे. एकं आधी, दहं नंतर. म्हणून मी फळ्यावर ४५ लिहून म्हटलं, "मराठीत म्हणा बघू." वर्गात शांतता. मग एकाने चाचरत विचारलं, "फॉर्टी फाइव्ह म्हणजे... पंचावन्न?" सोळांपैकी तिघांना शंभरापर्यंतचे मराठी आकडे येत होते. ही सगळी मराठी घरातली मुलं! आजोबा फोन नंबर सांगतात तो यांना उतरवून घेता येत नाही. भाजीवाली 'पासष्ट रुपये' म्हणाली की हे आईकडे बघतात.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'सत्तावीस'ऐवजी 'वीस सात' असं वाचायची पद्धत आली, तेव्हा केवढा गदारोळ झाला आठवतंय ना? भाषा बुडाली म्हणून लोक तावातावाने बोलत होते. (जर्मनीतही 'वीस-एक' म्हणावं असा आग्रह धरणारी मंडळी आहेत, आणि नॉर्वेने तर १९५१ साली अधिकृतपणे आकड्यांचा क्रम बदललाच. तेव्हा हा विचार काही जगावेगळा नव्हता.) पण मला गंमत वाटली ती याची, की त्या वेळी ओरडणाऱ्या कित्येकांच्या घरात 'सत्तावीस'ही नाही आणि 'वीस सात'ही नाही, नुसतं 'ट्वेंटी सेव्हन' आहे. त्याबद्दल ओरडायला कुणी तयार नव्हतं.

तर आम्ही काय केलं, दोन महिने दर शनिवारी आकड्यांचा खेळ घेतला. मी मराठीत म्हणायचं, मुलांनी जर्मनमध्ये, मग उलट. एकोणतीस आला की अडायचं, कारण जर्मनमध्ये तो सरळ 'नऊ आणि वीस', आपल्याकडे 'एक कमी तीस'. मुलांना हे कोडं फार आवडलं. दोन महिन्यांनी बहुतेकांना दोन्ही भाषांत आकडे यायला लागले. एका मुलीचे आजोबा मुद्दाम जिना चढून वर आले. म्हणाले, "बाई, नात आता माझ्याशी मराठीत पाढे म्हणते. आम्ही घरी सांगून थकलो होतो. जर्मनच्या वर्गात कसं काय आलं?" मला त्या वर्षीचा सगळा पगार तिथे मिळाला.

म्हणजे माझं म्हणणं दुहेरी आहे. मराठीतून शिकवलं तर जर्मन लवकर आणि बरोबर येतं, हे एक. आणि तसं शिकवलं तर जर्मनबरोबर मराठीही पक्की होते, हे दुसरं. इंग्रजीतून शिकवलं तर यातलं पहिलं उशिरा होतं आणि दुसरं कधीच नाही. मूल मात्र एक धडा शिकतं. 'काही महत्त्वाचं शिकायचं असेल तर आपली भाषा दाराबाहेर काढून ठेवायची असते.' हा धडा कुठल्या पुस्तकात लिहिलेला नसतो, पण मुलं तोच सगळ्यात पक्का शिकतात.

आता इंग्रजीवर अन्याय नको. जर्मन आणि इंग्रजी या सख्ख्या चुलतबहिणी. 'हाउस', 'वासर', 'ब्रोट', 'मिल्श' हे शब्द मुलांना इंग्रजीमुळे आयते मिळतात. नामाच्या आधी 'द' किंवा 'अ'सारखं काही लावायचं असतं ही कल्पना मराठीत नाही, तिथेही इंग्रजीच उपयोगी. 'माझ्याकडे आहे' याला जर्मनमध्ये 'हाबेन' हे सरळ क्रियापद आहे, तेही इंग्रजीच्या 'हॅव'सारखं. म्हणून मी आमच्या ताईंना सांगते, शब्दांना इंग्रजी घ्या, वाक्यांना मराठी घ्या. मुलांच्या डोक्यात दोन्ही भाषा आहेत, तर दोन्हींना कामाला लावा. एकीला ओट्यावर आणि दुसरीला माळ्यावर कशाला?

उच्चारांतही असंच. जर्मनमध्ये इंग्रजी 'झेड' अक्षराचा उच्चार 'त्स'. इंग्रजी शाळेतल्या मुलांना तो कठीण जातो. पण 'चाक' आणि 'चोर' यातला आपला 'च' कसा आहे? तोच तर आहे! 'चिमणी'तला वेगळा आणि 'चाक'मधला वेगळा, हे मराठी मुलाला न सांगता येतं. देवनागरीत शब्द लिहून दिला की 'डब्ल्यू'चा 'व', 'व्ही'चा बहुधा 'फ' आणि 'जे'चा 'य' हा घोळही मिटतो. फोल्क्सवागन असं एकदा लिहून दाखवलं की पुन्हा चूक होत नाही. फक्त 'यू'वर दोन टिंबं असतात तो स्वर आपल्याकडे नाही. त्याला युक्ती एकच. तोंडात 'ई' धरायचा आणि ओठांचा चंबू 'ऊ'सारखा करायचा. मुलं आरशासमोर उभी राहून हे करतात तेव्हा बघण्यासारखं असतं.

या सगळ्यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, की आधुनिक पद्धतीत जर्मन ही जर्मनमधूनच शिकवायची, मधे कुठलीच भाषा नको. तत्त्व चांगलं आहे, आणि गाणी, खेळ, चित्रं यांत आम्ही ते पाळतोही. पण आठवड्यातून चार तासांच्या वर्गात कधी ना कधी 'असं का?' हा प्रश्न येतोच, आणि त्याचं उत्तर कुठल्यातरी भाषेत द्यावंच लागतं. आज ते न ठरवताच इंग्रजीत दिलं जातं. माझं म्हणणं, ते ठरवून द्या.

दुसरा आक्षेप, की वर्गात सगळीच मुलं मराठी नसतात. बरोबर. पण गुजरातीत तीन लिंगं आहेत, कोकणीत आहेत. हिंदीत दोन असली तरी 'मुझे ठंड लग रही है' आहे आणि 'तू, तुम, आप' आहे. दक्षिणेच्या भाषांतही थंडी 'मला'च वाजते. त्या मुलांना विचारायचं, "तुमच्या घरी काय म्हणतात?" तेलुगू घरातल्या एका मुलाने त्याच्या भाषेत सांगितलं आणि इतका खुलला, की त्या दिवसापासून तो वर्गात बोलायला लागला. मराठीचा हट्ट नाही माझा, घरच्या भाषेचा आहे.

पालकांबद्दलही थोडं बोलायला हवं. त्यांचा हेतू समजतो. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही, पुढे मूल तिकडे शिकायला गेलं तर बरं, असं मनात असतं. त्यात काही गैर नाही. पण आठ वर्षांच्या मुलाच्या वर्गात 'परीक्षा कधी? सर्टिफिकेट कोणतं?' हा पहिला प्रश्न नको. ग्योथे इन्स्टिट्यूटची 'फिट इन डॉइच' ही मुलांची परीक्षासुद्धा साधारण दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आहे. त्यांनाही घाई नाही, मग आपल्याला का? आणि 'मराठी काय, येतंच' असं जे पालक म्हणतात, त्यांनी घरी जाऊन मुलाला फक्त ६७ मराठीत म्हणायला सांगावं. पुढचं बोलणं मग करू.

हा प्रश्न कोथरूड-बाणेरपुरता आहे असंही समजू नका. २०२४ साली महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. सुरुवातीला १०,००० तरुणांचं उद्दिष्ट ठेवलं गेलं. नर्स, इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालक अशी ही कामं. या वाटेने जाऊ पाहणाऱ्यांतली कितीतरी मुलंमुली मराठी माध्यमातली असणार. त्यांना जर्मन शिकवताना आधी इंग्रजीचा डोंगर चढायला लावायचा आणि मग पलीकडे उतरवायचं, हा कुठला न्याय? त्यांच्या हातात तर सगळी सामग्री तयार आहे. लिंगं आहेत, विभक्ती आहे, समास आहेत, शेवटी येणारं क्रियापद आहे. शाळेत मराठी व्याकरण नीट शिकलेला मुलगा जर्मनच्या उंबरठ्यावर निम्मा आत असतो. हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

नाहीतर आपल्याकडे भाषांना एकमेकींच्या सवती करायची खोड आहेच. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय विद्यालयांतून तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणायचं ठरलं, तेव्हा 'जर्मन की संस्कृत' असा वाद देशभर रंगला. मला तेव्हाही वाटलं, की ज्या जर्मनांनी आपलं आयुष्य संस्कृतला वाहिलं, त्यांच्या भाषेला संस्कृतच्या विरुद्ध उभं करावं ही केवढी विसंगती! फ्रान्त्स कीलहोर्न १८६६ पासून १८८१ पर्यंत आपल्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवत होते. आणि अगदी अलीकडचे ग्युंटर सोन्थायमर तर मराठी शिकून धनगरांच्या वाड्यांवर हिंडले, त्यांच्या ओव्या ऐकल्या, आणि बिरोबा, म्हस्कोबा, खंडोबा यांच्यावर जर्मनमध्ये ग्रंथ लिहिला. तो १९७६ साली आला. त्यांना खंडोबापर्यंत जायला इंग्रजी पुरेशी वाटली नाही. त्यांनी मराठीचं दार ठोठावलं. जर्मन माणूस आपल्या भाषेकडे असा सरळ चालत येतो, आणि आपण त्याच्या भाषेकडे जाताना लंडनमार्गे जातो!

तेव्हा जे कुणी मुलांचे असे वर्ग घेतात, त्यांना या म्हातारीच्या चार सूचना. नाम शिकवताना 'डेर, डी, डास' त्याच्याबरोबरच शिकवा आणि शेजारी 'तो, ती, ते' लिहा. जुळलं की मुलांना आनंद होतो, नाही जुळलं की गंमत वाटते, आणि दोन्हींमुळे लक्षात राहतं. आकडे दोन्ही भाषांत म्हणून घ्या. 'मला'ची वाक्यं पहिल्या महिन्यातच द्या, पुढच्या पुस्तकाची वाट बघू नका. आणि नियम सांगायच्या आधी मुलांना विचारा, "हे तुमच्या घरी कसं म्हणतात?" या एका प्रश्नाने अर्धा धडा होतो.

पालकांना सूचना एकच. रविवारी वर्ग सुटल्यावर 'आज काय शिकलास?' हे मराठीत विचारा आणि उत्तर मराठीत येईपर्यंत थांबा. सुरुवातीला वेळ लागेल. पण स्कूटरवरून घरी पोचेपर्यंतचा रस्ता तेवढा असतोच की.

तुमच्या ओळखीत कुणी असे वर्ग घेत असेल, किंवा तुमची नातवंडं जात असतील, तर तुमचा अनुभव जरूर कळवा. माझ्याशी असहमत असलात तर आधी कळवा!